अपार्टमेंटच्या सिक्युरिटी गार्डवर नागरी हक्कांचा दावा : अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवर अडवलं, दंडाला धरलं, लीझिंग ऑफिसात पाऊण तास बसवून ठेवलं. घरी येऊन चहा होईपर्यंत सगळे तापलेले असतात आणि कुणीतरी म्हणतंच, "अमेरिका आहे ही, केस ठोका!" केस ठोकता येते. फक्त बहुतेक जण ती चुकीच्या कलमाखाली ठोकायला निघतात. खालचे प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत, ट्रेनमध्ये आणि रात्री साडेअकराला फोनवर विचारले गेलेले आहेत. मी न्यू जर्सीत एका वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते, स्वतः वकील नाही. तुमच्या प्रकरणात नेमकं काय करायचं ते तुमचा वकीलच सांगेल.

गार्डने विनाकारण थांबवलं, बॅग तपासली. हा राज्यघटनेने दिलेल्या हक्कांचा भंग नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ऐकून लोक हिरमुसतात. अमेरिकेची राज्यघटना बांधते ती सरकारला. विनाकारण झडती घेऊ नका, अडवून ठेवू नका, असं चौथी घटनादुरुस्ती सांगते ते पोलिसांना, शेरीफला, सरकारी नोकराला. कंपनीने तासावर ठेवलेल्या गार्डला ती लागू होत नाही.

घटनात्मक हक्कांचे दावे चालतात ते 'सेक्शन १९८३' खाली. १९८३ हे साल नव्हे, कलमाचा आकडा आहे. एका गृहस्थांनी मला "तो वर्ल्डकपच्या वर्षीचा कायदा" म्हणून विचारलं होतं. मूळ कायदा १८७१ चा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीचा धुमाकूळ चालला होता आणि गावचे शेरीफ एक तर डोळेझाक करत होते, नाहीतर सामीलच होते. त्यांना फेडरल कोर्टात खेचता यावं म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो केला. त्यामुळे त्यात अट अशी आहे की प्रतिवादीने सरकारी अधिकाराच्या जोरावर ते कृत्य केलेलं हवं.

आपल्याला लहानपणापासून वर्दी दिसली की सरकार दिसतं. पण निळा शर्ट, छातीवरचा बिल्ला, कमरेच्या बेड्या, गाडीवरचा पिवळा दिवा हे सगळं दुकानात विकत मिळतं. कोर्ट त्याकडे फारसं बघत नाही. कोर्ट विचारतं, या माणसाला लोकांना अटक करायचा अधिकार दिला कुणी?

मग खासगी गार्ड सरकारी माणूस कधी धरला जातो?

यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागते. वॉशिंग्टनला लागून, मेरीलँडमध्ये, ग्लेन एको नावाचं करमणुकीचं पार्क होतं. मालकी खासगी, प्रवेश फक्त गोऱ्यांना. ३० जून १९६० रोजी पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी आत शिरले आणि मेरी-गो-राउंडवरच्या लाकडी प्राण्यांवर जाऊन बसले. तिकिटं दुसऱ्यांनी काढून त्यांच्या हातात दिलेली होती. पार्कचा गार्ड आला आणि पाच मिनिटांत उतरा म्हणाला. ते बसून राहिले. त्याने त्यांना अटक केली.

हा गार्ड एका खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीचा नोकर. पण पार्कवाल्यांच्या विनंतीवरून माँटगोमेरी काउंटीने त्याला विशेष डेप्युटी शेरीफ नेमलेलं होतं. 'ग्रिफिन विरुद्ध मेरीलँड' या खटल्यात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांच्या शिक्षा रद्द केल्या. म्हणणं असं की हातात सरकारी अधिकार आहे आणि तोच दाखवून तो वागला, मग हुकूम मालकाचा असला तरी कृत्य सरकारचं. तो मेरी-गो-राउंड अजून तिथे आहे. पार्क आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. मुलांना घेऊन गेलात तर घोड्यावर बसायच्या आधी ही गोष्ट सांगा.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण एकाच जागेचे दोन खटले आणि दोन निकाल. डेट्रॉइटच्या एका कसिनोत २००१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी रिकाम्या स्लॉट मशीनच्या ताटलीत पडलेलं पाच सेंटचं टोकन उचललं. गार्डने त्यांना खोलीत नेऊन बसवलं आणि कसिनोबाहेर काढलं. मिशिगनच्या कायद्याने त्या गार्डला मालकाच्या आवारात पोलिसांसारखा अटकेचा अधिकार देणारा परवाना होता. सहाव्या सर्किटच्या (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांना सर्किट म्हणतात) अपील कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं की ती गार्ड सरकारी अधिकाराने वागली, सेक्शन १९८३ लागू. दोन वर्षांनी त्याच कसिनोतल्या गार्डांविरुद्धचा दुसरा दावा त्याच कोर्टाने फेटाळला. या वेळच्या गार्डांकडे तो परवाना नव्हता. गणवेश होता, खोली होती, दमदाटीही होती. परवाना नाही म्हणून सेक्शन १९८३ नाही.

तेव्हा घटना घडली की आधी एवढंच शोधा: गार्डकडे कार्ड कसलं आहे? न्यू जर्सीत गार्ड 'सोरा' कार्ड दाखवतो. २४ तासांचं प्रशिक्षण आणि स्टेट पोलिसांकडची नोंदणी, बस. न्यूयॉर्कमध्ये कामावर घेण्याआधी ८ तास आणि नंतरच्या ९० दिवसांत १६ तास. कॅलिफोर्नियात 'गार्ड कार्ड'. या कार्डांनी नोकरी करता येते, पोलीस होता येत नाही. उलट नॉर्थ कॅरोलायनातले 'कंपनी पोलीस', व्हर्जिनियात कोर्टाने नेमलेले 'स्पेशल कॉन्झर्व्हेटर ऑफ द पीस', वॉशिंग्टन डीसीतले 'स्पेशल पोलीस ऑफिसर' यांना अटकेचे अधिकार असतात. तिकडे असाल तर वकिलाला हे पहिल्याच फोनवर सांगा.

काही ठिकाणी 'कर्टसी ऑफिसर' म्हणून खरा पोलीसच भाड्यात सवलत घेऊन कॉम्प्लेक्समध्ये राहतो. तो ड्यूटीवर नसताना अडवतो तेव्हा कोर्ट बारकाईने बघतं: पोलिसी गणवेश होता का, बिल्ला दाखवला का, "अटक करीन" म्हणाला का, पिस्तूल सरकारी होतं का.

कॉम्प्लेक्स सरकारी मालकीचं असेल तर गार्ड आपोआप सरकारी ना?

नाही. शिकागो हाउसिंग ऑथॉरिटीच्या इमारतींच्या लॉबीत खासगी कंपनीचे सशस्त्र गार्ड असायचे. त्यातल्या एकाने बाचाबाचीत एका माणसावर गोळी झाडली. सातव्या सर्किटने १९९६ मध्ये 'वेड विरुद्ध बाइल्स' खटल्यात ठरवलं की हा गार्ड सरकारी नाही. पोलीस येईपर्यंत घुसखोराला धरून ठेवणं आणि स्वसंरक्षणासाठी बळ वापरणं एवढाच त्याचा अधिकार, आणि तो तर कुठल्याही सामान्य नागरिकाला असतो. इमारत सरकारची आणि पगाराचा पैसा सरकारचा, एवढ्याने भागलं नाही.

गार्डने फोन केला आणि पोलीस आले. आता तरी?

नुसता फोन केल्याने गार्ड सरकारी होत नाही. पोलीस आणि गार्ड दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर दोघेही सेक्शन १९८३ खाली येऊ शकतात, पण संगनमत सिद्ध करावं लागतं. पोलिसांनी स्वतः हक्क डावलले असतील तर तो दावा वेगळा आणि बहुधा जास्त मजबूत. न्यूयॉर्कमध्ये खासगी इमारतींचे मालक 'क्लीन हॉल्स' योजनेखाली पोलिसांना जिन्यांतून गस्त घालायला परवानगी द्यायचे आणि तिथे राहणाऱ्यांनाच घुसखोर म्हणून धरलं जायचं. त्याविरुद्ध २०१२ मध्ये दावा झाला आणि पुढच्या जानेवारीत फेडरल न्यायाधीशांनी ब्रॉंक्समधल्या अशा इमारतींबाहेरची अडवणूक घटनाबाह्य ठरवली. तो दावा पोलिसांवर होता, गार्डांवर नव्हता. फरक ध्यानात ठेवा.

सेक्शन १९८३ गेलं म्हणजे सगळं गेलं का?

अजिबात नाही. खासगी माणसाला थेट लागू होणारे कायदे आहेत, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

एक, १८६६ चा नागरी हक्क कायदा, आजची कलमं १९८१ आणि १९८२. करार करणं, मालमत्ता घेणं-वापरणं यात वंशावरून भेद नको. 'आपण भारतीय, आपला वंश कुठला धरणार?' असा प्रश्न येतोच. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अरबी वंशाच्या प्राध्यापकाच्या खटल्यात सांगितलं की या कायद्याला कुळ आणि वांशिक ओळखही चालते. आपण त्यात बसतो. मात्र २०२० पासून कलम १९८१ खाली पायरी उंच झाली आहे. वंश हे अनेक कारणांपैकी एक होतं एवढं पुरत नाही; वंश वेगळा असता तर असं घडलंच नसतं, हे दाखवावं लागतं.

दोन, फेअर हाउसिंग ॲक्ट. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ४ एप्रिल १९६८ ला, आणि रखडलेल्या या कायद्यावर सही झाली ११ एप्रिलला. भाडेकरूला मिळणाऱ्या सोयीसुविधांमध्ये वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा घरात लहान मुलं असणं यावरून भेद करता येत नाही. सिक्युरिटी ही पण एक सेवाच. गोऱ्या भाडेकरूला हात हलवून आत सोडायचं आणि तुम्हाला रोज लीझ दाखवायला लावायचं, हा या कायद्याचा विषय आहे. स्विमिंग पूल, जिम, पार्किंग, सगळीकडे हेच.

तीन, साधा राज्याचा कायदा: मारहाण, डांबून ठेवणं, निष्काळजीपणे गार्ड नेमणं. इथे भेदभाव सिद्ध करायची गरजच नाही. तुम्हाला हक्क नसताना खोलीत कोंडलं, झालं. 'नागरी हक्क' हा शब्द भारदस्त आहे म्हणून लोक याकडे बघतही नाहीत, आणि निम्मी प्रकरणं खरी इथेच जिंकण्यासारखी असतात. कॅलिफोर्नियात वर अन्रूह कायदा आहे, त्यात भेदभावाच्या प्रत्येक प्रसंगाला किमान ४,००० डॉलर. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदाही चांगला दणकट आहे.

अडवलं ते भारतातून आलेल्या आईवडिलांना. ते भाडेकरू नाहीत, व्हिसा पर्यटकाचा. चालेल?

चालेल. डांबून ठेवल्याचा किंवा मारहाणीचा दावा कुणीही करू शकतो, व्हिसा कुठला याचा संबंध नाही. फेअर हाउसिंगच्या नियमांत तर स्पष्टच आहे की भाडेकरूशी संबंधित व्यक्तीच्या वंशावरून किंवा मूळ देशावरून सुविधा रोखता येत नाहीत. म्हणजे आईबाबांना अडवलं तर दावा तुमचाही होतो. परत गेल्यावर साक्ष व्हिडिओवर नोंदवण्याची परवानगी बहुधा मिळते.

गार्डला पासपोर्ट तपासायचा अधिकार नाही. सरकारी अधिकाऱ्याची गोष्ट निराळी. फेडरल कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा कागद जवळ ठेवायचा असतो, तेव्हा आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत बाबांच्या पाकिटात असू द्या.

२०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले एक आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. शेजाऱ्याने फोन केला, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि मानेला कायमची इजा झाली. तो पोलीस होता, म्हणून सेक्शन १९८३ चा दावा उभा राहिला आणि २०२१ मध्ये १७.५ लाख डॉलरवर मिटला. गार्ड असता तर कलमं बदलली असती, मान तीच.

शेजारी गोरा आहे, पण त्यालाही हे पटत नाही. तो दावा करू शकतो?

हो. सॅन फ्रान्सिस्कोच्या पार्कमर्सेड या अवाढव्य कॉम्प्लेक्सच्या दोन भाडेकरूंनी, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, मालकावर दावा लावला होता की इतर वंशाच्या लोकांना इथे घर मिळू दिलं जात नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांचाही हक्क मान्य केला. सर्व प्रकारच्या शेजाऱ्यांसोबत राहण्याचा लाभ हिरावला गेला, हेही नुकसानच.

दावा नेमका कुणावर लावायचा?

सगळ्यांवर, म्हणजे गार्ड, गार्ड पुरवणारी कंपनी, मॅनेजमेंट कंपनी आणि मालक. लीझवर बहुधा मालक म्हणून एखादी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) दिसते. ती काउंटीच्या नोंदीत शोधून काढावी लागते.

यात एक गंमत आहे. सेक्शन १९८३ खाली गार्ड सरकारी ठरला, तरी त्याची कंपनी आपोआप अडकत नाही. बऱ्याच फेडरल कोर्टांत कंपनीचं धोरण किंवा पायंडाच तसा होता हे दाखवावं लागतं. फेअर हाउसिंगमध्ये मात्र नोकराच्या कृत्याला धनी जबाबदार, हा जुना नियम चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तसं सांगितलं आहे. म्हणजे नाव मोठं असलेलं कलम कंपनीला सोडून देतं आणि फारसं कुणी न ऐकलेलं कलम तिला पकडतं.

गेटेड कॉलनीत घरमालकांची संस्थाही सुटत नाही. फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये २०१२ साली ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या मुलाला गोळी घालणारा गार्डसुद्धा नव्हता, शेजार-राखणीचा स्वयंसेवक होता. तो फौजदारी खटल्यात सुटला, पण कॉलनीच्या संस्थेने मुलाच्या आईवडिलांशी २०१३ मध्ये तडजोड केली.

मुदत किती?

कमी. फेडरल गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे हडकडे, तक्रार एका वर्षात. फेअर हाउसिंगचा कोर्टातला दावा दोन वर्षांत. सेक्शन १९८३ ला राज्याची मुदत लागते: न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात दोन वर्षं, न्यूयॉर्कमध्ये तीन. पण न्यूयॉर्कमध्येच मारहाण आणि डांबून ठेवण्याच्या दाव्याला फक्त एक वर्ष आहे, आणि तीन वर्षं आहेत या भरवशावर लोक नेमकं तेच घालवतात. न्यू जर्सीत राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे जायचं तर १८० दिवस.

पुरावा काय लागतो? आमच्याकडे काहीच नाही.

इथे आमच्याच घरचं सांगते. साताऱ्याचे आमचे मामा लेकीकडे आले होते. नोव्हेंबर, सकाळचे सहा, कानटोपी, शाल, हात मागे बांधून कॉम्प्लेक्सला तिसरी फेरी. गोल्फ कार्टवरून गार्ड आला. "युनिट नंबर?" मामांना इमारत दिसत होती, नंबर आठवेना. ते "माय डॉटर, माय डॉटर" म्हणत बोटाने खिडकी दाखवत राहिले. त्याने कोपराला धरून कार्टमध्ये बसवलं आणि ऑफिसात नेलं. ऑफिस उघडतं नऊला. मामा बाहेरच्या बाकावर, गार्ड समोर उभा. सहा चाळीसला ताई शोधत शोधत तिथे पोचली.

आम्ही काय केलं? चिडलो, फोनाफोनी केली, मामांना म्हटलं जाऊ द्या. पाच आठवड्यांनी मी ऑफिसात सहज बोलले तेव्हा आमचे वकील एकच वाक्य बोलले, "कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं का?" मागितलं तेव्हा उत्तर आलं की तीस दिवसांनी त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. माझ्या रोजच्या कामातली गोष्ट, आणि घरी मलाच सुचली नाही.

म्हणून त्याच दिवशी मॅनेजमेंट आणि गार्ड कंपनी दोघांना ईमेल करा की अमुक तारीख, अमुक वेळ, या ठिकाणचं फुटेज, रेडिओवरचं बोलणं, गार्डचा त्या दिवसाचा रिपोर्ट नष्ट करू नका. दोन ओळी पुरतात. असं कळवल्यावर त्यांनी पुसलं तर तो त्यांच्याविरुद्ध मुद्दा होतो. वळ उठला असेल तर फोटो, अर्जंट केअरचा कागद, कोण कोण बघत होतं त्यांची नावं. आणि पुढे दावा झालाच तर 'पोस्ट ऑर्डर्स' मागवायच्या, म्हणजे गार्डने कुणाला, कसं थांबवायचं याच्या लेखी सूचना. खजिना बहुधा त्यात असतो.

खर्च किती, आणि मिळतं किती?

फेडरल कोर्टात दावा दाखल करायची फी ४०५ डॉलर. इजा मोठी असेल तर वकील जिंकलेल्या रकमेच्या वाट्यावर काम घेतात, बऱ्याचदा एक तृतीयांश. नागरी हक्कांच्या दाव्यात जिंकलात तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळू शकते. हरलात तर त्यांची फी तुमच्यावर सहसा पडत नाही, दावा निव्वळ खोडसाळ नसेल तर.

मिळण्याचं म्हणाल तर त्या पाच सेंटवाल्या बाईंना प्रत्यक्ष नुकसानीचे २७९ डॉलर ५ सेंट मिळाले, आणि ज्युरीने दंड म्हणून वर ८ लाख ७५ हजार ठोकले. अपिलात कोर्टाने सांगितलं की ६ लाखांवर जायचं नाही. असे आकडे क्वचित. बहुतेक प्रकरणं तडजोडीत संपतात आणि रक्कम गुप्त ठेवायची अट असते.

तक्रार केली तर लीझ वाढवून देणार नाहीत अशी भीती वाटते.

रास्त भीती आहे. फेअर हाउसिंगखाली हक्क मागितला म्हणून त्रास देणं हा स्वतंत्र गुन्हा नसला तरी स्वतंत्र दावा आहे, आणि पुष्कळदा मूळ दाव्यापेक्षा सिद्ध करायला सोपा. ईमेल जपून ठेवा, बोलणी तोंडी करू नका. लीझमध्ये लवादाची अट आहे का, तेही एकदा वाचा.

हेच पुण्या-मुंबईच्या सोसायटीत झालं तर?

तिकडचं गणित वेगळं. वॉचमनला पोलिसी अधिकार नाहीत. खासगी व्यक्तीला अटक करता येते ती आपल्यादेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा फरारी घोषित गुन्हेगाराला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली परवाना लागतो. 'नागरी हक्क' हा शब्द आपल्याकडे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमात आहे, तो अस्पृश्यतेविरुद्ध, आणि खासगी माणसावर थेट चालतो. अमेरिकेतल्यासारखा 'हा सरकारी का खासगी' हा घोळ तिथे आडवा येत नाही.

गार्ड बिचारा तासावर राबणारा. त्याच्यावर दावा लावणं बरं दिसतं का?

हा प्रश्न मला मामांनीच विचारला होता. तो गार्ड स्वतः घानाहून आलेला, रात्रपाळी संपायला एक तास उरलेला. ताईशी तो नंतर नीट बोलला. म्हणाला, मॅडम, कागदावर लिहिलंय, युनिट नंबर न सांगणाऱ्याला ऑफिसात आणायचं, नाही आणला तर माझी नोकरी जाते. मॅनेजरला लेखी विचारल्यावर ती ओळ खरंच निघाली. पण त्याच वेळी कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या टोकाला जॉगिंग करणाऱ्यांना कुणी युनिट नंबर विचारला नव्हता, हे दाखवायला आमच्याकडे जे फुटेज हवं होतं ते पुसलेलं होतं. मॅनेजरचं माफीचं पत्र आलं, ती ओळ बदलल्याचंही त्यात लिहिलं होतं. दावा आम्ही केला नाही. केला असता तर प्रतिवादींमध्ये गार्डचं नाव घालावं लागलं असतं, पण पैसे मागितले असते ते ती ओळ लिहिणाऱ्याकडे.